घरगुती विद्युत भारगणना

घरगुती विद्युत भारगणना म्हणजे एखाद्या निवासातील दिवे, पंखे व इतर उपकरणे यांची एकूण शक्ती काढून त्यावरून उपपरिपथांची संख्या, तारेची जाडी आणि मुख्य स्विचची क्षमता ठरविण्याची पद्धत होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री या व्यवसायांच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश असून परीक्षेत तिच्यावर हमखास उदाहरण विचारले जाते.

उपकरणाची प्रत्यक्ष शक्ती दिलेली नसल्यास पाठ्यपुस्तकांत पुढील मूल्ये गृहीत धरतात : दिवा 60 वॅट, पंखा 60 वॅट, नळीदिवा (ट्यूबलाइट) 40 वॅट, 6 अँपिअरचे सॉकेट 100 वॅट व 16 अँपिअरचे पॉवर सॉकेट 1000 वॅट. आज घरोघरी 9 वॅटचे एलईडी दिवे असले, तरी उदाहरणात 60 वॅटच धरावे लागतात. प्रकाश-पंख्याच्या एका उपपरिपथावर 10 पॉइंट किंवा 800 वॅट, यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती पाळतात. पॉवर उपपरिपथावर 2 सॉकेट व 3000 वॅट ही मर्यादा असते.

समजा, एका घरात 8 दिवे, 4 नळीदिवे, 4 पंखे, 6 अँपिअरची 6 सॉकेट आणि 2 पॉवर सॉकेट आहेत. पहिल्या गटाचा भार 480 + 160 + 240 + 600 = 1480 वॅट होतो. त्याला 800 ने भागून अनेक परीक्षार्थी दोन उपपरिपथ लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. कारण पॉइंट 22 असल्याने उपपरिपथ तीन लागतात. पॉवर सॉकेटांचे 2000 वॅट एका स्वतंत्र उपपरिपथावर येतात. एकूण भार 3480 वॅट; 230 व्होल्ट दाब व शक्तिगुणक 1 धरल्यास विद्युतधारा 3480 ÷ 230 = 15.13 अँपिअर.

उपकरण माहीत असल्यास मात्र त्यावरील शक्तीच घ्यावी लागते. वरील घरात एका पॉवर सॉकेटवर 2000 वॅटचा गीझर लावल्यास एकूण भार 4480 वॅट व धारा 19.48 अँपिअर होते. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मुख्य तार सुमारे 1.66 पट तापते. अशा वेळी 16 अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो. तार तीच ठेवून केवळ अधिक क्षमतेचा एमसीबी बसविला, तर पडणे थांबते. पण तारेचे आवरण वितळून आग लागण्याचा धोका निर्माण होतो.

सर्व उपकरणे एकाच वेळी चालू नसतात, म्हणून मुख्य तारेसाठी विविधतेची सूट देतात. एका कुटुंबाच्या घरात प्रकाशभाराच्या 66 टक्के धरण्याची प्रथा आहे. उपपरिपथाच्या तारेला ही सूट लागू करीत नाहीत, तिला तिच्यावरील पूर्ण भार पेलावाच लागतो.