सुरतेचा इतिहास नंदुरबारातून वाचताना

सुरत हे समुद्राने घडवलेले शहर, असे आपण शाळेपासून शिकतो. मोगलांचे मुख्य बंदर, हजला निघणारी जहाजे, इंग्रज आणि डच वखारी, 1664 आणि 1670 मधल्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या हे सारे खरेच आहे. पण सुरतेच्या तापीप्रमाणेच खंभातच्या आखाताला नर्मदाही मिळते आणि तिच्या मुखावरचे भरूच सुरतेहून कितीतरी जुने. मग भाग्य सुरतेचे का उजळले? माझ्या मते याचे मोठे कारण किनाऱ्यावर नाही, तापीच्या खोऱ्यात आहे. त्या खोऱ्याला समजून घ्यायचे तर नंदुरबारला यावे लागते.

मुलताईजवळ उगम पावलेली तापी 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. किनाऱ्यावरून दक्षिणेत शिरायला इतरत्र सह्याद्रीचे अवघड घाट ओलांडावे लागतात. इथे मात्र उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला डोंगररांगा ठेवून खानदेशाची काळी, सपाट जमीन लांबवर पसरली आहे. मोगलांचे दक्षिणेतले ठाणे असलेल्या बुऱ्हाणपूरचे कापड याच वाटेने निघे. थाळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला पोहोचे. 1610 मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून याच मार्गाने वर गेला. ‘ऐने-अकबरी’त नंदुरबारच्या किल्ल्याची नोंद आहे. 1666 मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली, तीही समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत. माल जिथून येतो तिथेच तो गाठायला हवा, हे त्यांना कळले होते. वस्ती तर त्याहून फार जुनी. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा इथे 1955 मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनचे थर मिळाले. सुरतेचे नाव कुणी घेण्याआधी शेकडो वर्षे हे खोरे नांदते होते.

यावर कुणी म्हणेल की तापीतून नंदुरबारपर्यंत नावा कधी चालल्या? मग ही नदीची कहाणी कशी? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच चीनमधल्या फुचौ शहराकडे पाहावे. तेही समुद्रापासून थोडे आत, मिन नदीवर वसलेले. मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत, खाली एका पॅगोडाजवळ नांगर टाकत. सुरतेची मोठी जहाजे सुवाळीला थांबत, तशीच. 1842 च्या नानकिंग तहाने हे बंदर परकीय व्यापाराला खुले झाले, तरी जवळजवळ दहा वर्षे तिथे व्यापार वाढला नाही. मागच्या वुयी डोंगरातला चहा जुन्या सवयीने खुष्कीने दूरच्या कँटनलाच जात राहिला. तायपिंग बंडाने ती वाट धोक्याची केली, 1853 पासून चहा मिनमधून खाली येऊ लागला आणि बघता बघता फुचौ चहाचे मोठे बंदर झाले. समुद्र तोच होता, मागची वाट बदलली होती. फुचौला माल होड्यांनी आला, सुरतेला बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून. पण दोन्हीकडे रस्ता नदीच्या खोऱ्यानेच आखून दिला.

सुरतेला अहमदाबादकडचा मालही मिळे, सरखेजची नीळ त्यातलीच. हे नाकारता येत नाही. पण दक्षिणेचा व्यापार बुऱ्हाणपूरच्या वाटेवरच उभा होता. ती वाट आजही मोडलेली नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरत-भुसावळ रेल्वे याच खोऱ्यातून टाकली गेली. नंदुरबारच्या लाल मिरचीच्या बाजारात मराठीबरोबर अहिराणी, भिली आणि गुजराती सहज ऐकू येते. 1942 च्या चले जाव चळवळीत इथे गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता गुजराती घरातला होता.

या नात्याचा भार मात्र दोन्हीकडे सारखा पडलेला नाही. 1972 मध्ये तापीवरचे उकाई धरण पुरे झाले आणि गुजरातच्या शेतीला, कारखान्यांना पाणी मिळाले. जलाशयाचा फुगवटा आजच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे शिरला, आणि तिथल्या आदिवासींना नदीकाठची जमीन सोडावी लागली. सुरतेच्या भरभराटीचा हिशेब मांडताना ही जमीन जमेच्या बाजूला क्वचितच लिहिली जाते.