पासष्ट टक्के म्हणजे नेमके किती?

फुटबॉलच्या विश्वचषकातला उपांत्य सामना मोठा विचित्र असतो. जिंकणारा संघ अंतिम सामन्यात जातो. हरणाऱ्याच्या वाट्याला तिसऱ्या क्रमांकाची लढत येते आणि तिच्यात त्याच्या चाहत्यांचाही फारसा जीव नसतो. चषक अगदी हाताशी आलेला असतो आणि नेमका तिथूनच तो निसटू शकतो. अशा सामन्याच्या आधी चाहत्यांचे दोन उद्योग चालू असतात. एक म्हणजे काळजी : झोप उडते, पोटात गोळा येतो, छाती धडधडते. दुसरा म्हणजे भाकिते : ‘दोन-एकने आपणच’, ‘पेनल्टीवर जाणार बघा’, ‘या वेळी काही खरे नाही’. या दोन्हींकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिले, तर त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी सापडते. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, हे ते मूळ.

उदाहरणादाखल एक गाजलेला सामना घेऊ. ८ जुलै २०१४. ब्राझीलमधील बेलो ओरिझोन्ते शहरातले मिनेराव मैदान. यजमान ब्राझीलची गाठ जर्मनीशी होती. आपल्याकडे तेव्हा ९ जुलैच्या रात्रीचा दीड वाजला होता आणि गोव्यात, कोल्हापुरात कित्येक घरांत दूरदर्शन संच चालू होते. ब्राझीलचा हुकमी खेळाडू नेमार चार दिवसांपूर्वी कोलंबियाविरुद्ध खेळताना पाठीच्या मणक्याला इजा होऊन बाहेर पडला होता. कर्णधार थियागो सिल्वा दोन पिवळ्या कार्डांमुळे खेळू शकत नव्हता. पण दुसरीकडे ब्राझीलचा संघ १९७५ पासून मायदेशात एकही स्पर्धात्मक सामना हरलेला नव्हता. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ नेट सिल्व्हर यांच्या ‘फाइव्हथर्टीएट’ या प्रकाशनाने ब्राझीलच्या विजयाची संभाव्यता ६५ टक्के वर्तवली होती.

प्रत्यक्षात जर्मनीने ७-१ असा विजय मिळवला. मग ६५ टक्क्यांचे ते भाकीत चुकले असे म्हणायचे का? या प्रश्नाकडे येण्याआधी प्रेक्षकांच्या शरीरात काय घडत होते ते पाहू.

लाळेतला ताण

याच स्पर्धेच्या काळात ब्राझीलमधील नाताल शहरात काही संशोधक चाहत्यांच्या लाळेचे नमुने गोळा करत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मार्था न्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चाळीस चाहत्यांची लाळ सामन्यांच्या आधी, सामना चालू असताना आणि नंतर तपासली. लाळेत त्यांना कॉर्टिसॉल मोजायचे होते. उपांत्य सामन्यात त्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले. आपल्या संघाशी ज्यांचे नाते सर्वांत घट्ट होते, त्यांच्यात ते अधिक होते. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात मात्र फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून स्रवणारे संप्रेरक आहे. धोक्याची चाहूल लागली की या ग्रंथींकडे दोन निरोप जातात. पहिला चेतातंतूंमार्फत, काही सेकंदांत. त्यामुळे ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, तळहात घामेजतात. दुसरा निरोप सावकाश जातो. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला कळवतो आणि ती अधिवृक्क ग्रंथीला कळवते. या साखळीतून येणारे कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचते आणि रक्तातील साखर वाढवून स्नायूंची व मेंदूची सोय करते. ही सारी तयारी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी आहे. चाहत्याला यांतले काहीच करायचे नसते. तो खुर्चीत बसून असतो. निकाल त्याच्या जिव्हाळ्याचा, पण त्याच्या हाती मात्र काहीच नाही. शरीरावर ताण आणायला एवढे पुरेसे होते.

बहुतेकांच्या बाबतीत हा ताण काही तासांत ओसरतो. सर्वांच्याच बाबतीत नाही. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना एरवीच्या २.६६ पट होत्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत वाईट. इंग्लंडमध्येही ३० जून १९९८ रोजी अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हार झाली, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढली होती.

येथे एक सावधगिरी हवी. ‘अडीच पट’ हा शब्द ऐकायला भयंकर वाटतो, पण पट कशाची हे विचारलेच पाहिजे. निरोगी तरुणाचा एका दिवसातला मूळ धोका इतका लहान असतो, की त्याची अडीच पटही लहानच राहते. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांचा मूळ धोकाच मोठा असतो. म्हणून त्यांनी सामन्याच्या दिवशी औषध न चुकवणे आणि छातीत दुखू लागल्यास ‘हा गोल होऊ दे, मग बघू’ असे न म्हणणे हे खरोखर महत्त्वाचे आहे.

फाशांचा सामना

आता भाकिताकडे वळू. वर्गात करता येईल असा एक साधा प्रयोग आहे. दोन संघ कल्पा. ‘अ’ संघ दर दहा मिनिटांनी एकदा फासा टाकतो, म्हणजे ९० मिनिटांत नऊ वेळा. ‘ब’ संघ दर पंधरा मिनिटांनी एकदा, म्हणजे सहा वेळा. सहा पडले की गोल. ‘अ’चे सरासरी गोल दीड आणि ‘ब’चा सरासरी एक. याचा अर्थ ‘अ’ हा ‘ब’च्या दीडपट बलवान आहे. प्रत्यक्ष सामन्यांतही साधारण असेच आकडे असतात. २०१४ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७१ गोल झाले, म्हणजे सामन्याला २.६७.

प्रयोगाआधी विद्यार्थ्यांना विचारा, दीडपट बलवान संघ शंभरांत किती सामने जिंकेल? बहुतेक जण पंचाहत्तर-ऐंशी म्हणतील. गणित मांडले तर उत्तर येते : ‘अ’ जिंकतो सुमारे ४९, बरोबरी २७, आणि चक्क २४ सामने ‘ब’ जिंकतो. उपांत्य सामना बरोबरीत सोडता येत नाही. म्हणून जादा वेळेच्या तीस मिनिटांसाठी ‘अ’ला तीन आणि ‘ब’ला दोन फासे द्या, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआऊटऐवजी नाणे उडवा. आता ‘अ’ संघ अंतिम सामन्यात पोचण्याची संभाव्यता ६४ टक्के होते.

हा आकडा ब्राझीलच्या ६५ टक्क्यांच्या अगदी जवळ आहे. सिल्व्हर यांची गणनपद्धती आमच्या फाशांहून पुष्कळच गुंतागुंतीची होती, परंतु ६५ टक्के म्हणजे काय हे फाशांवरून नीट कळते. एक संघ उघडउघड सरस, आणि तरीही तीनांतल्या एका वेळी तो घरी जातो. चाहत्याच्या भाषेत सांगायचे तर एकच फासा टाका. एक किंवा दोन पडले की आपला संघ बाहेर. असा फासा उद्या पडणार असेल, तर आज झोप कशी लागावी? त्याची धडधड अडाणीपणाची नाही, ती हिशोबाला धरूनच आहे.

हे सारे गोल थोडे असण्यामुळे घडते. दोन्ही संघांना दहापट फासे द्या, म्हणजे ९० आणि ६०. बलाचे प्रमाण तेच, दीडपट. आता ‘अ’ सुमारे ८४ टक्के सामने जिंकतो आणि ‘ब’ जेमतेम ११. घटना पुष्कळ असल्या की योगायोग एकमेकांना खोडतात आणि सरस संघाचे बळ वर येते. बास्केटबॉलमध्ये याचाच प्रत्यय येतो. फुटबॉलमध्ये एक निसटता चेंडू सगळा निकाल फिरवू शकतो.

फाशांना आठवण नसते

पुष्कळ संधी, प्रत्येकीत यशाची शक्यता थोडी, आणि सर्व संधी एकमेकींपासून स्वतंत्र. अशा वेळी घटना किती वेळा घडेल हे सांगणारे सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या १८३७ च्या ग्रंथात आहे. १८९८ मध्ये बोर्तकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी होणाऱ्या मृत्यूंना हे सूत्र लागू पडते असे दाखवले. १९८२ मध्ये माहेर यांनी आणि १९९७ मध्ये डिक्सन व कोल्स यांनी त्यात सुधारणा करत ते फुटबॉलच्या गोलांना लावले.

परंतु ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरून चालणार नाही. सरासरी एक गोल करणाऱ्या संघाने सात किंवा अधिक गोल करण्याची संभाव्यता या सूत्राने सुमारे बारा हजारांत एक येते. मिनेरावच्या मैदानावर ते घडले. म्युलरने अकराव्या मिनिटाला पहिला गोल केला. मग २३ ते २९ या मिनिटांत आणखी चार झाले. एका पडलेल्या सहाचा पुढच्या फाशावर काही परिणाम होत नाही, पण एका गोलाचा अकरा खेळाडूंच्या मनावर होतो. बचावफळी विस्कटते, जो तो एकटाच चूक भरून काढायला धावतो, आणि पुढचा गोल सोपा होतो. शिवाय सरस कोण हा अंदाजही कच्चा असू शकतो. जर्मनीने पाच दिवसांनी अर्जेंटिनाला १-० असे हरवून विश्वचषक जिंकला. म्हणजे ‘ब’ संघाला कदाचित आधीच जास्त फासे द्यायला हवे होते.

भीती, तोडगे आणि एक अष्टपाद

चाहत्याचे स्वतःचे भाकीत मात्र असे आकड्यांवर बेतलेले नसते. स्पर्धेच्या सुरुवातीला ते आशेने फुगलेले असते आणि सामना जवळ आला की घाबरून आक्रसते. ही दुसरी गोष्ट शिक्षकांना परिचयाची असेल. शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की निकालाची वेळ जवळ येते तसे विद्यार्थी आपल्या गुणांचा अंदाज खाली आणतात. वाईट बातमीचा धक्का कमी बसावा म्हणून मन आगाऊ तयारी करते. ‘या वेळी काही खरे नाही’ म्हणणारा चाहता हेच करत असतो.

दुसरा उपाय तोडग्यांचा. तोच सदरा, तीच खुर्ची, गोल झाला तेव्हा जो उभा होता त्याने उभेच राहायचे. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले, की शांत खाडीत मासे पकडताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रावर, जिथे जीव धोक्यात असतो आणि काही हाती लागेल याची खात्री नसते, तिथेच करतात. अनिश्चितता आली की तोडगे येतात. आपल्या हातात नसलेली गोष्टही हातात आहे असे वाटणे, याला मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये ‘नियंत्रणाचा आभास’ म्हटले.

आणि मग पॉल हा अष्टपाद. जर्मनीतील ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या या प्राण्याने २०१० च्या विश्वचषकात आठपैकी आठ निकाल बरोबर ‘सांगितले’. स्पेन जर्मनीला उपांत्य सामन्यात हरवेल हेही त्यात आले. नाणे उडवून आठही बरोबर येण्याची संभाव्यता २५६ मध्ये एक आहे. दुर्मिळ खरे, पण जगभर शेकडो प्राण्यांसमोर झेंडे ठेवले, तर एखादा तरी आठही बरोबर निवडणे अपेक्षितच आहे. बातमी त्या एकाचीच होते. चुकलेल्यांची नावे कोणी छापत नाही.

भाकीत तपासायचे कसे?

६५ टक्क्यांचे भाकीत एका सामन्याने खरेही ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही. असे पुष्कळ सामने घ्यायचे, ज्यांत ६५ टक्के म्हटले होते, आणि त्यांतले सुमारे ६५ टक्के जिंकले गेले का ते पाहायचे. हवामानशास्त्रज्ञ ब्रायर यांनी १९५० मध्ये यासाठी सोपी रीत दिली. घटना घडली तर १, नाही तर ०. त्यातून भाकिताचा आकडा वजा करा आणि वर्ग करा. ९० टक्के म्हणणारा चुकला तर ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.८१ दंड. ६० टक्के म्हणणाऱ्याला ०.३६. बरोबर आले तर अनुक्रमे ०.०१ आणि ०.१६. दंडाची सरासरी ज्याची सर्वांत कमी, तो चांगला भाकीतकार.

कोणत्याही स्पर्धेच्या वेळी हे वर्गात करता येईल. मात्र ‘कोण जिंकणार’ असे न विचारता ‘किती टक्के’ असे विचारावे आणि आकडे सामन्याआधीच फळ्यावर लिहून घ्यावेत, नंतर बदलू देऊ नयेत. शेजारी दोन फाशांचेही भाकीत ठेवावे. वीस-पंचवीस सामन्यांनंतर छातीठोकपणे ९०-९५ टक्के सांगणाऱ्यांचा दंड किती साचला आहे ते मुलांनीच मोजावे. पाऊस, औषधाचा गुण, निवडणुकीचे अंदाज, या सर्व ठिकाणी त्यांना पुढे टक्क्यांशीच गाठ घालायची आहे.