केसपेपरवरची एक चूक आणि नाकारलेला विमा

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी पिशवीभर कागद घेऊन दवाखान्यात आले. पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली होती. बिल ८२ हजार रुपये. विमा कंपनीने दमडीही देण्यास नकार दिला होता. कारण, ‘मधुमेह दहा वर्षांपासून होता, तो लपवला.’

वास्तविक बाईंचा मधुमेह दहा महिन्यांचा, आणि पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची! रुग्णालयात दाखल करताना घाईत कोणीतरी केसपेपरवर ‘महिने’ऐवजी ‘वर्षे’ लिहिले. तोच कागद कंपनीने पुढे केला.

“डॉक्टर, आता वकिलाला पैसे कुठून देऊ?” गुरुजींनी विचारले.

वाचकहो, अशा वेळी वकील लागतोच असे नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व पोच जपून ठेवावी. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकिलाला प्रवेशही नाही. पुणे व मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते व आपली बाजू स्वतः मांडता येते. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना तेच लोकपालांकडे नेता येत नाही.

दोन्हीकडे बोलतात ते कागद. पॉलिसी, प्रस्ताव अर्जाची प्रत, नकाराचे पत्र, बिले आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावावे. केसपेपरची नक्कल मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

गुरुजींकडे मधुमेहाचे निदान झाले तो पहिला रक्ततपासणीचा अहवाल होता. रुग्णालयाने चूक मान्य करून पत्र दिले. लोकपालांपुढे गुरुजी स्वतः बोलले आणि रक्कम मिळाली.

आता थोडे आधीच्या काळजीविषयी. विम्याचा अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते, म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये. रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, सारे खरे लिहावे. दाखल होताना आजार किती दिवसांचा हे नेमके सांगावे व काय लिहिले ते विचारून घ्यावे. पण विमा मिळावा म्हणून डॉक्टरांपासून आजार लपवणे जिवावर बेतू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरला साखर ठाऊक नसेल तर धोका रुग्णालाच.

आणि जुने अहवाल रद्दीत देऊ नका. गुरुजींच्या ८२ हजारांचा निकाल अशाच एका पिवळ्या पडलेल्या कागदाने लावला.