साठ सेकंदांचा कारभार

रिबका या नावाचा बुद्धिबळ खेळणारा संगणकीय कार्यक्रम ज्या काळी जगात सर्वांत बलाढ्य गणला जात असे, त्या काळात, म्हणजे २००८ साली, इंटरनेटवरील एका ब्लिट्झ, म्हणजे अवघ्या काही मिनिटांच्या, डावात हिकारू नाकामुरा या वीस वर्षांच्या अमेरिकन ग्रँडमास्टराने त्याला काळ्या मोहऱ्यांनी २७१ चालींत पराभूत केले. पराभवाची रीत अशी की, प्रथम प्याद्यांची एकमेकांत अडकलेली तटबंदी उभारून पटावर कोठूनही वाट राहू नये अशी व्यवस्था त्याने केली, हत्ती देऊन त्या बदल्यात हलके मोहरे घेतले, आणि मग तटामागे बसून तो आपले मोहरे नुसतेच इकडून तिकडे हलवीत राहिला. लागोपाठ पन्नास चाली प्यादे हलले नाही व काही मारलेही गेले नाही, तर डाव बरोबरीत सुटतो असा नियम आहे. यंत्राच्या हिशेबी मात्र जमेची बाजू त्याचीच भारी होती, आणि जिंकत असलेला डाव बरोबरीत सोडणे त्याच्या स्वभावात लिहिलेले नसल्यामुळे, मुदत संपत आली की ते आपल्याच हाताने आपला तट थोडाथोडा फोडू लागले. अखेरीस नाकामुराची प्यादी पलीकडच्या घरांत जाऊन पोचली तेव्हा त्याने त्यांचे वजीर केले नाहीत, उंट केले. हा शेवटचा प्रकार निव्वळ उर्मटपणाचा होता हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याआधीचे सारे त्या मनुष्याच्या बुद्धीचा अस्सल दाखला आहे.

कारण गणितात यंत्राला हरवणे कोणाही मनुष्याला शक्य नव्हते, आणि तसा प्रयत्नही नाकामुराने केला नाही. प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव काय, घड्याळ कोणाच्या बाजूचे, आणि सर्वोत्तम चाल शोधण्याऐवजी नुसती न बिघडवणारी चाल खेळत राहिल्यास चूक कोण आधी करील, एवढ्या तीनच प्रश्नांची उत्तरे त्याने काढली होती. गेली वीसएक वर्षे तो इंटरनेटवरील शीघ्र बुद्धिबळात जे काही करीत आला आहे, त्याचे बीज मला या एका डावात दिसते. त्याच्या उणिवांचे बीजही तेथेच आहे.

नाकामुराचा जन्म १९८७ साली जपानमधील हिराकाता येथे झाला. दोन वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला आणि श्रीलंकेत जन्मलेले नामांकित बुद्धिबळ शिक्षक सुनील वीरमंत्री या सावत्र वडिलांच्या घरात वाढला. २००३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, बॉबी फिशरचा अमेरिकेतील जुना विक्रम मोडून तो ग्रँडमास्टर झाला, आणि पुढे पाच वेळा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता. एवढी कीर्ती दुसऱ्या कोणाला आयुष्यभर पुरली असती. परंतु याचा जीव रमला तो एकेका मिनिटाच्या डावांत, आणि त्या विषयावर त्याने २००९ साली एक स्वतंत्र पुस्तकही सहलेखकाबरोबर प्रसिद्ध केले.

शीघ्र खेळाचे प्रकार तीन. दहा मिनिटांहून अधिक वेळ असेल तर रॅपिड, तीन ते दहा मिनिटांचा ब्लिट्झ, आणि त्याखालचा तो बुलेट. एका मिनिटाच्या डावात साठ चाली झाल्या तर प्रत्येक चालीच्या वाट्याला एक सेकंद येतो, आणि त्यात विचार, निर्णय व माऊसची हालचाल या तिन्हींचा खर्च भागवावा लागतो. या टंचाईतून प्रीमूव्ह ही युक्ती निघाली. प्रतिस्पर्ध्याची चाल येण्यापूर्वीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवायची. चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तिला सेकंदाचा केवळ दहावा भाग खर्ची पडतो. धोका उघड आहे, कारण समोरच्याने अनपेक्षित काही खेळले तरी नोंदवलेली चाल शक्य असेल तर होऊनच जाते, मग त्यात वजीर फुकट का जाईना. म्हणून जाणता खेळाडू अशी जागा हेरतो जेथे चूक होऊच शकत नाही. समजा, माझ्या घोड्यावर प्रतिस्पर्ध्याच्या उंटाची नजर आहे. तो घोडा मारला गेल्यास त्याच घरात प्याद्याने परत मारायचे, अशी चाल मी नोंदवून ठेवली. त्याने घोडा मारला, तर माझे उत्तर क्षणार्धात जाते. न मारला, तर आपल्याच घोड्याला मारणे नियमात बसत नसल्याने ती नोंद आपोआप रद्द होते आणि माझे काहीच बिघडत नाही. नाकामुराचे वैशिष्ट्य हे की, डाव अंत्यावस्थेत येऊन घड्याळात दोन-तीन सेकंद उरले असता अशा सुरक्षित चालींची रांग लावून ठेवण्यात त्याच्याइतका निष्णात हात विरळा.

तथापि त्याचे यश केवळ हाताच्या चापल्यात पाहणे हा त्याच्यावर अन्याय होईल. दीर्घ डावात कठीण प्रसंग आला की तो पटावरची दृष्टी उचलून छताकडे लावतो, आणि सारी मांडणी मनात ठेवून तेथेच पुढच्या चाली मोजतो. ही लकब आता त्याच्या चाहत्यांच्या परिचयाची झाली आहे. शीघ्र डावात छताकडे पाहण्याइतकी फुरसत नसते, परंतु ती मनातली मांडणी तीच असते, आणि हजारो डावांच्या अभ्यासाने तिच्यात इतके नमुने साठलेले आहेत की, दुसऱ्याला जे शोधावे लागते ते त्याला ओळखता येते. खेळता खेळता तो इंटरनेटवर आपला खेळ थेट पाहणाऱ्या प्रेक्षकांशी अखंड बोलतही असतो. याखेरीज त्याची चिकाटी विलक्षण आहे. हरलेल्या स्थितीत आणखी एक अडथळा, आणखी एक शह, आणखी एक सापळा उभा करीत तो समोरच्याची सेकंदे खात जातो, आणि पटावरचा फैसला विरुद्ध लागलेला असताना घड्याळावरचा आपल्या बाजूने लावून घेतो. याला कोणी खेळाडूवृत्तीचा अभाव म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण वेळ हाही त्या खेळात मोहऱ्यांसारखाच दोघांना सारखा वाटून दिलेला असतो.

दुसरा गुण सातत्याचा, आणि त्यावरून तर एक मोठे प्रकरणच उभे राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी नाकामुराच्या ४६ डावांत ४५.५ गुणांच्या एका मालिकेकडे बोट दाखवून, नाव न घेता शंका उपस्थित केली. चेस डॉट कॉमने दप्तर तपासून खुलासा केला की, गैरप्रकाराचा काहीही पुरावा नाही, आणि इतके डाव खेळणाऱ्या माणसाच्या खात्यात, तेही प्रतिस्पर्धी बरेच खालच्या दर्जाचे असता, अशी मालिका केव्हातरी यावी हे संभवशास्त्राला धरूनच आहे. आपल्यापेक्षा दुर्बळ खेळाडूला एकदा हरवणे सोपे; त्याला न कंटाळता, न घसरता, डावामागून डाव हरवीत राहणे ही वेगळी विद्या आहे.

स्पीड चेस चॅम्पियनशिप ही या खेळाची मानाची स्पर्धा. तीत एकाच बैठकीत दीड तास पाच मिनिटांचे, मग एक तास तीन मिनिटांचे, आणि शेवटी अर्धा तास एका मिनिटाचे डाव, प्रत्येक चालीला एक सेकंद भर घालून, सलग खेळावे लागतात. २०१८ पासून २०२२ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे ती नाकामुराने जिंकली. त्याआधीच्या दोन वर्षांच्या स्पर्धांत मात्र तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने त्याला हरवले होते. २०२२ च्या अंतिम सामन्यात त्याने कार्लसनला १४.५–१३.५ असे मागे टाकले, आणि २०२३ मध्ये कार्लसनने १३.५–१२.५ अशी परतफेड केली. तीन तास लढून अंतर एका गुणाचे! येथेच उणिवांचा विचार सुरू होतो, कारण न बिघडवणारी चाल खेळून समोरच्याच्या चुकीची वाट पाहण्याचे धोरण जगातील बहुतेक सर्वांविरुद्ध पुरते. परंतु तितक्याच वेगाने बिनचूक चाल खेळणारा मनुष्य समोर बसला की ती वाट लांबते.

प्रारंभीच्या चालींबाबत नाकामुराची उदासीनता जुनी आहे. २००५ साली, घड्याळाची काही घाई नसलेल्या एका दीर्घ डावात, भारताच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध त्याने राजाचे प्यादे पुढे केल्यावर दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला. शाळकरी मुलांना जे करू नये म्हणून शिकवतात तेच ते, आणि तो डाव तो हरला. इंटरनेटवर ही बेफिकिरी खपते, किंबहुना शोभतेही, कारण प्रतिस्पर्ध्याचे पाठांतर निरुपयोगी ठरते. मांडणीच दैवावर सोडलेल्या फिशर रँडम प्रकारात तर पाठांतराला जागाच नसते, आणि त्याचे जगज्जेतेपद नाकामुराने २०२२ साली रेक्याविक येथे मिळवले, यात नवल नाही. उलट, घरून सर्व तयारी करून आलेला खेळाडू समोर आला की काय होते, ते जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत २०२४ साली टोरांटो येथे आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने दाखवले. त्याने नाकामुराला दोन्ही डावांत, एकदा काळ्या व एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी, हरवले. ते डाव दीर्घ होते, हे खरे; पण शीघ्र खेळातही पहिल्या दहा चाली पाठ असणे म्हणजे तेवढी सेकंदे शिलकीत टाकणे होय, आणि ही बचत त्याने आजवर पुरेशी केलेली नाही असे माझे मत आहे.

त्याहून नाजूक मामला आघाडी राखण्याचा. २०२० च्या ऑगस्टात कार्लसनशी एका ऑनलाईन स्पर्धामालिकेत झालेली सात दिवसांची अंतिम लढत तीन-तीन अशा स्थितीत शेवटच्या दिवशी आली. रॅपिडचे चार डाव बरोबरीत गेल्यावर पहिला ब्लिट्झ डाव नाकामुराने जिंकला, आणि दुसऱ्यात केवळ बरोबरी केली असती तर सारा मान त्याचा होता. तो डाव तो हरला, आणि मग निर्णायक आर्मागेडन डावात, जेथे काळ्याला बरोबरीही विजयासारखी असते, कार्लसनने अभेद्य तट उभारून बरोबरी साधली. दोन वर्षांनी माद्रिद येथे कँडिडेट्स स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत डिंग लिरेनशी बरोबरी झाली असती तरी दुसरे स्थान निश्चित होते. तेथेही तो हरला, आणि कार्लसनने जगज्जेतेपद सोडल्यामुळे त्या दुसऱ्या स्थानालाच त्या पदाच्या सामन्याचा मान मिळाला. दोन प्रसंगांवरून स्वभावाची कैफियत लिहिणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो. तरीही जो दुसऱ्याच्या अधीरतेवर जगतो, त्याला स्वतःची अधीरता आवरणे अवघड जात असावे, एवढी शंका घेण्यास जागा आहे.

राहता राहिला पडद्याबाहेरचा प्रश्न. प्रत्यक्ष पटावरील ब्लिट्झमध्ये प्रीमूव्ह नाही. ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते, आणि घाईत नियमबाह्य चाल झाली तर दंड भरावा लागतो. तेथेही नाकामुरा जगातील अग्रगण्यांत आहे, परंतु जागतिक ब्लिट्झ विजेतेपद त्याला एकदाही मिळालेले नाही. २०२४ च्या सप्टेंबरात स्पीड चेस चॅम्पियनशिपचे शेवटचे सामने प्रथमच खेळाडूंना एका ठिकाणी, पॅरिसमध्ये, संगणकांसमोर बसवून घेण्यात आले. घरची खुर्ची व घरचा निवांतपणा नाही, प्रेक्षकांशी गप्पा नाहीत, आणि उपांत्य सामन्यात समोर अलिरेझा फिरोजा. नाकामुरा त्या सामन्यात हरला. फिरोजाचा हात त्याच्याइतकाच चपळ आहे, प्रारंभीच्या चालींची तयारी अधिक आहे, आणि जन्म २००३ सालचा, म्हणजे ज्या वर्षी नाकामुरा ग्रँडमास्टर झाला त्याच वर्षीचा.