यंत्र मोजतं वेळ, खोली सांगतं पाणी

वेल्ह्याच्या पश्चिम टोकाला, केळदच्या मढे घाटात पाऊस कड्याच्या कोणत्या बाजूला पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. अलीकडचं पाणी नीरेला मिळतं आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं. पलीकडे कोसळलेलं पाणी महाडच्या बाजूला उतरून सावित्रीत मिसळतं आणि बाणकोट-हरिहरेश्वर यांच्यामधून अरबी समुद्रात शिरतं. भोरच्या वरंध घाटातही तीच विभागणी आहे.

याच डोंगरांतलं आणखी थोडं पाणी वेगळ्या मार्गाने समुद्राच्या कामी येतं. पानशेत आणि वरसगाव या धरणांतून सुटलेलं पाणी खडकवासल्यात जमतं, आणि त्या धरणाच्या पायथ्याशी केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी हे काम सुरू केलं. पुढे प्रयोगांना भरपूर वाहतं पाणी हवं म्हणून खडकवासल्याची जागा निवडली गेली. मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीची प्रतिकृती इथे बांधली गेली. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या गोड्या पाण्यावर बंदरांचा अभ्यास होतो, ही पुणे परिसराची फारशी न मिरवलेली श्रीमंती आहे.

पण प्रतिकृती बांधायची तर आधी खऱ्या खाडीचा तळ माहीत हवा. पूर्वी दोरीला शिसं बांधून खोली वावांत मोजत. आता ते काम एको साउंडर करतो. होडीच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक ठोका खाली पाठवतो, तो तळावर आपटून परत येतो आणि यंत्र मधला वेळ नोंदवतं. वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून निम्मं केलं की खोली मिळते. यंत्राने प्रत्यक्ष मोजलेला असतो तो फक्त वेळ. वेग आपण सांगायचा असतो, आणि किनाऱ्याजवळ तो सांगणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

पाण्यातल्या आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो एका तळ्यात. 1826 मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्टुर्म यांनी एका होडीखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी दारूचा भडका उडवला. दूरच्या होडीवर भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. सुमारे 8 अंश तापमानाच्या पाण्यात वेग आला सेकंदाला 1,435 मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. हा आकडा त्या थंड, गोड पाण्यापुरता खरा होता. पाणी तापलं की वेग वाढतो, क्षार वाढले तरी वाढतो, आणि खोलीबरोबर दाब वाढला की किंचित आणखी.

भाटघर किंवा पानशेतच्या जलाशयात गाळ किती साचला हे पाहायचं असेल तर हिशोब त्या मानाने सोपा आहे. पाणी गोडंच असतं. उन्हाळ्यात वरचा थर गरम आणि तळ गार एवढाच फरक सांभाळायचा. बाणकोटच्या खाडीत मात्र जुलैमध्ये घाटावरून आलेलं गढूळ गोडं पाणी वर आणि भरतीबरोबर घुसलेलं जड खारं पाणी खाली, असे दोन थर एकमेकांवर सरकत असतात. 28 अंशांच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,504 मीटर जातो, तेवढ्याच गरम समुद्राच्या पाण्यात सुमारे 1,541. समुद्रासाठी लावलेलं यंत्र गोड्या पाण्यात वापरलं तर 15 मीटर खोली जवळपास 37 सेंटिमीटर जास्त दिसेल. चूक घातक बाजूची आहे: आहे त्यापेक्षा जास्त पाणी आहे असं जहाजाला वाटतं.

म्हणून सर्वेक्षक काम सुरू करण्याआधी बार चेक घेतात. खुणा केलेल्या साखळ्यांनी एक लोखंडी दांडी ट्रान्सड्यूसरखाली ठरावीक खोलीवर सोडतात आणि यंत्र तोच आकडा दाखवेपर्यंत वेग जुळवतात. ध्वनिवेग मोजणारं छोटं उपकरणही तळापर्यंत सोडता येतं. भरती पालटली की ही मोजणी पुन्हा करावी लागते. इतक्या प्रगत यंत्राला दांडी आणि साखळीची साक्ष लागते, यात त्याचं उणं काहीच नाही. मोजमापाचा खरा प्रामाणिकपणा तिथेच आहे.

हे झालं सरळ खाली जाणाऱ्या आवाजाचं. आडव्या जाणाऱ्या आवाजाची कथा जास्त गुंतागुंतीची. आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो. उन्हाने वरचं पाणी तापलं की तो खाली वाकतो आणि तळाच्या चिखलात विरतो. 1930 च्या दशकात अमेरिकी नौदलाला क्यूबाच्या ग्वांतानामोजवळ हाच अनुभव आला. सकाळी चांगला चालणारा सोनार दुपारी पाणबुडी गमावू लागला. जेवणानंतर माणसं सुस्तावतात, असा संशय आधी घेतला गेला, पण दोष होता पाण्याच्या तापलेल्या थराचा. पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या तोंडाशी उलट घडतं. वरचं गोडं पाणी मंद, खालचं खारं वेगवान, त्यामुळे आवाज वर वळतो आणि लाटांखाली आपटत पुढे जातो. पावसाळा सरता सरता कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ खालून थंड पाणी वर येतं आणि चित्र पुन्हा बदलतं.

उथळपणाची स्वतःची बंधनंही आहेत. 20 हर्ट्झच्या आवाजाची लहर पाण्यात 75 मीटर लांब असते. खोल महासागरात देवमाशाची असली खर्जातली हाक शेकडो किलोमीटर जाते, पण 15 मीटर पाण्यात ती लहर मावत नाही आणि लवकरच विझते. चढ्या पट्टीचे आवाज टिकतात, आणि तिथे गर्दी असते: चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीसारख्या जीवांची अखंड चटचट, पावसाचा मारा, ट्रॉलरची इंजिनं. घोळ आणि ढोम्याच्या कुळातले मासे पोटातल्या फुग्याभोवतीचे स्नायू थरथरवून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. घोळीच्या ज्या भोताला बाजारात मोठा भाव मिळतो, तोच हा फुगा.

आणि तळ? पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात अनेक ठिकाणी चिखलात मिथेन वायू अडकलेला आहे. वायूचे बुडबुडे आवाज इतका गिळतात आणि विखुरतात की त्याखालचे थर सर्वेक्षणाच्या पटावर पुसल्यासारखे दिसतात. त्याआधीची अडचण अशी, की तळ सुरू कुठे होतो हेच बंदरात स्पष्ट नसतं. मुंबईसारख्या गाळाच्या बंदरात खाली दाट होत जाणारा पातळ चिखल असतो. 200 किलोहर्ट्झच्या आसपासचा ठोका त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो. 30 च्या आसपासचा त्यातून आत शिरून घट्ट थरावरून परततो. एकाच जागी दोन तळ नोंदले जातात. त्यातला जहाजाचा तळ कोणता, यावर किती गाळ उपसायचा आणि किती पैसा खर्चायचा हे ठरतं. रॉटरडॅमने त्यासाठी घनतेची रेघ आखली: चिखल घनमीटरला 1,200 किलोपेक्षा हलका असेल तर जहाज त्यातून जाऊ शकतं. ती घनता आवाजावरून खात्रीने कळत नाही. त्यासाठी मोजणीचं उपकरण चिखलातच उतरवावं लागतं.