अर्जावरचं नाव

कारखान्यात माणसं घ्यायची असली की रविवारच्या वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात द्यायची, ही १९९०च्या दशकातली पद्धत. मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो होतो. जाहिरातीनंतरचा सोमवार शांत जायचा. मंगळवारपासून पोस्टमन पाकिटांचे गठ्ठे आणून टेबलावर टाकायचा. जागा सहा आणि अर्ज सातशे. ती पाकिटं फोडायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, ‘तीन ढीग करायचे. बोलवायचे, बघू आणि नाही.’ सुरुवातीला एक अर्ज वाचायला मला पाच मिनिटं लागत. महिन्याभरात वीस सेकंद पुरू लागले. पुढची तीस वर्षं मी हेच काम करत आलो. कारखाने बदलले, दारावरच्या ‘पर्सोनेल’ या पाटीची ‘एचआर’ झाली, बायोडेटाचा रेझ्युमे झाला. पण ते वीस सेकंद तसेच राहिले. त्या वीस सेकंदांत निवडणाऱ्याची नजर कुठे जाते, एवढंच आज सांगायचं आहे.

नजर आधी नावावर जाते. मग पत्त्यावर. शिक्षण आणि अनुभव यांची पाळी त्यानंतर येते.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये भरतीचं काम जॉबर करायचा. कामगारांवर देखरेख ठेवणारा हा माणूस सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही आणि आज कोणाला आत घ्यायचं ते ठरवी. तो आपल्या गावची, आपल्या जातीची, ओळखीची माणसं आणी. त्यांना खोलीत जागा बघून देई, अडीनडीला उसने पैसे देई आणि त्याबदल्यात दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगार निवडण्याचं काम जॉबरच्या हातून काढून त्यासाठी वेगळा अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. म्हणजे मी ज्या खुर्चीवर बसलो, तिचा जन्म जॉबरच्या मनमानीवर उपाय म्हणून झाला होता.

त्याच गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार चांगला असे, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. धोट्यातून सुताचं टोक ओढायला ते तोंडाने शोषावं लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडी कसा लावायचा, ही इतर कामगारांची हरकत. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. माग चालवण्याचं कसब त्या माणसांत आहे की नाही, हे पाहायची वेळच येत नव्हती. दार त्याआधीच बंद होत होतं.

ओळखीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझे अब्बा सोलापूरच्या एका गिरणीत बदली कामगार होते. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. अब्बांना तिथे चिकटवलं ते शेजारच्या एका मास्तरांनी, जॉबरला शब्द टाकून. परक्या ठिकाणी ओळख हाच जामीन असतो. नव्या माणसाला काम शिकवायलाही ओळखीचाच माणूस पुढे येतो. आमच्या घरची चूल त्या ओळखीवर पेटली. पण ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं, तो दाराबाहेरच राहिला असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

स्वातंत्र्यानंतर भरती कागदावर आली. १९५९च्या कायद्याने मोठ्या खासगी मालकांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. मात्र तिथून आलेल्या उमेदवारालाच घ्या, अशी सक्ती नव्हती. मग जाहिराती आल्या, मुलाखती आल्या. जॉबर गेला आणि टेबलापलीकडे तीन साहेब आले. आता गुणांना वाव मिळेल, असं सगळ्यांना वाटलं.

मुलाखत म्हणजे काय, ते मी आतून पाहिलं आहे. पहिला प्रश्न, ‘स्वतःबद्दल सांगा.’ दुसरा, ‘वडील काय करतात?’ वडिलांच्या नोकरीचा लेथ मशिनशी काय संबंध, असं कोणी विचारत नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या अभ्यासकांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये एक लेख लिहिला. हे अधिकारी एका श्वासात सांगत होते की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, आणि त्याच श्वासात सांगत होते की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारतोच. सुशिक्षित आईबाप, शहरी वळण, सफाईदार इंग्रजी यांनाच ते गुणवत्ता समजत होते. आमच्याकडेही तेच होतं. मुलगा साहेबांच्या कॉलेजचा निघाला, क्रिकेटवर दोन वाक्यं झाली की साहेब म्हणत, ‘पोरगा तरतरीत आहे.’ खेड्यातून आलेला, खुर्चीच्या काठावर अंग चोरून बसलेला मुलगा उठून गेला की म्हणत, ‘आपल्यात मिसळणार नाही.’ आपल्यासारखा दिसणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाखत ही पुढची पायरी झाली. तिथवर पोचतं कोण? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याचा छडा लावायचं ठरवलं. २००५च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे त्यांनी मोठ्या इंग्रजी दैनिकांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. अर्ज मुद्दाम तयार केलेले होते. पदवी सारखी, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. काही नावं वरच्या जातीच्या हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. बोलावणं कोणाला येतं, ते मोजलं. वरच्या जातीच्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावासाठी ती ढोबळमानाने ६७ निघाली आणि मुसलमान नावासाठी ३३. त्या नावांची माणसं कोणी पाहिली नव्हती, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. पाहिला होता तो फक्त कागद.

संविधानाचं १६वं कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतं. खासगी कंपनीच्या टेबलावरच्या त्या तीन ढिगांपर्यंत ते पोचत नाही.

‘तुम्ही मुसलमान आणि मराठीत कविता लिहिता?’ हा प्रश्न मला कविसंमेलनात हमखास येतो. विचारणारा प्रेमाने विचारतो. त्यामुळे नाव माणसाच्या आधी पोचतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही माझ्या हातून जे झालं, ते सांगितल्याशिवाय हे बोलणं खरं होणार नाही.

एकदा टर्नरच्या एका जागेसाठी माझ्या ‘बोलवायचे’ ढिगात दोन अर्ज उरले होते. दोघेही आयटीआय झालेले, दोघांनीही शिकाऊ म्हणून एक वर्ष काढलेलं. बोलवायचं होतं एकालाच. एका मुलाचं नाव माझ्या समाजातलं होतं. गुण त्याचेच दोन जास्त होते. मी तो अर्ज उचलला आणि ‘नाही’च्या ढिगात ठेवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी तर अर्ज पाहिलेसुद्धा नव्हते. पण उद्या कोणी म्हणेल, ‘याने आपला माणूस आत घेतला,’ ही भीती माझ्या मनात होती. स्वतःची खुर्ची निर्मळ दिसावी म्हणून मी त्या मुलाची संधी खर्च केली. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नाव मात्र आजही आठवतं.

भेदभाव करणारा माणूस दुष्टच असतो, हा माझा समज त्या दिवशी गेला. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, घाईत असतो किंवा सवयीने चालत असतो. अशा माणसाला उपदेश करून फार उपयोग होत नाही. त्याच्या कामाची पद्धत बदलावी लागते.

ती पद्धत आपल्या ओळखीची आहे. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर तोही माणूसच आहे म्हणून. पुढच्या कारखान्यात मला थोडा अधिकार मिळाला, तेव्हा मी एवढंच केलं. पहिल्या चाळणीच्या आधी एका शिपायाला बसवून प्रत्येक अर्जावरचं नाव आणि पत्ता कागदाची पट्टी चिकटवून झाकायला लावला आणि वर क्रमांक घातला. साहेब हसले. म्हणाले, ‘कवी आहात, तुम्हाला असलं सुचणारच.’ पण त्यांनी अडवलं नाही.

दुसरा बदल मुलाखतीत केला. प्रत्येकाला तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण, आणि तिघांनी ते आपापसांत न बोलता द्यायचे. वडिलांचा प्रश्न काढून टाकला. तिसरा बदल, तोंडी परीक्षेआधी हाताची परीक्षा. फिटरने कानस घेऊन लोखंडाचा तुकडा मापात आणून दाखवायचा. टर्नरने लेथवर एक जॉब काढायचा. हिशेबनिसाने दहा व्यवहारांच्या नोंदी लिहायच्या. व्हर्नियरला जातपात कळत नाही. तुकडा मापात असला तर असतो, नसला तर नसतो.

मी हे अंदाजाने केलं. त्यामागे शास्त्र आहे, ते मागाहून वाचनात आलं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांतल्या संशोधनाचा आढावा घेतला. ऐनवेळी सुचतील ते प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीपेक्षा, सगळ्यांना ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत माणूस पुढे काम कसं करील हे अधिक नेमकं सांगते, असं त्यात दिसलं. प्रत्यक्ष कामाचा नमुनाही असाच भरवशाचा. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले. बरेच आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर राहिली.

आता पाकिटं येत नाहीत. अर्ज संगणकावर येतात आणि पुष्कळ ठिकाणी पहिली चाळणी संगणकच लावतो. यंत्राला जात नसते, धर्म नसतो, असं लोक म्हणतात. पण यंत्र शिकतं कोणाकडून? अ‍ॅमेझॉन कंपनीने अर्ज निवडणारं एक यंत्र तयार करायला घेतलं होतं. त्याला शिकवायला जुने अर्ज दिले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून धडा घेतला आणि बायकांच्या संस्थांचा, महिला महाविद्यालयाचा उल्लेख असलेले अर्ज ते खाली ढकलू लागलं. कंपनीने तो प्रयोग बंद केल्याची बातमी २०१८ मध्ये आली. आमच्या तीन ढिगांवर शिकलेलं यंत्र आमच्याच चुका करणार, फक्त अधिक वेगाने.

नोकरीचं रूपही बदललं. कायम जागा आटल्या, कंत्राटी वाढल्या. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचे काही हक्क तयार होत, म्हणून सात महिने होताच ‘ब्रेक’ द्यायचा, हे आमच्या वसाहतीतलं उघड गुपित होतं. त्या ब्रेकच्या चिठ्ठ्या मीच टाइप केल्या आहेत. कितीतरी मुलांना आपण नेमके कोणाचे नोकर, कारखान्याचे की ठेकेदाराचे, हेच सांगता येत नसे, कारण हातात कागद नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. त्यांतल्या इतर तरतुदींवर मतभेद आहेत, पण तेवढं पत्र तरी मागून घ्या, असं मी प्रत्येक मुलाला सांगतो.

आणि निवडणाऱ्यांना एक विनंती. ज्याला घेणार नाही, त्यालाही तसं कळवा. आमच्या कारखान्यातून पूर्वी एका ओळीचं पोस्टकार्ड जायचं. खर्च वाचवायला ते बंद केलं. आज तर पोस्टेजही लागत नाही, तरी शेकडो मुलं महिनोन्‌महिने फोनकडे बघत बसतात.

अब्बा पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दाराशी जाऊन उभे राहत. काम नसलं की जॉबर आतूनच ओरडायचा, ‘आज नाही!’ दस्तुरी खाणारा माणूस होता तो, पण एवढं सांगायचा. मग अब्बा वाटेत कुठे हमालीचं काम मिळतं का, ते बघत घरी यायचे. ‘नाही’ वेळेवर कळलं, की उरलेला दिवस तरी आपला असतो.