जुन्या रंधा मशीनचं टेबल एका बाजूला बसलंय? भंगारात देण्याआधी हे वाचा

मच्छीमार बांधवांनो, होडीच्या फळ्या मशीनमधून काढल्या आणि एक कड २० मिमी, दुसरी २१ मिमी भरली, असं झालंय का? अशा फळ्या शेजारी शेजारी ठोकल्या की सांध्यात पायरी पडते. मग ती हाताने रंधून घालवावी लागते आणि नेमकी सांध्यापाशीच फळी पातळ होते. दोष लाकडाचा नाही, सुताराचाही नाही. बहुतेक वेळा मशीनचं टेबल तिरकं बसलेलं असतं.

इंग्लंडमध्ये लेस्टरला १८९७ साली सुरू झालेली वॅडकिन किंवा अमेरिकेतल्या सिनसिनाटीची पार्क्स, अशा कंपन्यांची बिडाची जुनी मशीनं अजूनही काम देतात. "टेबल हलत नाही, मशीन गेलं" असं कोणी म्हटलं तरी घाई करू नका. इथे आपण दोन स्क्रूवर उचलल्या जाणाऱ्या टेबलाचं बघू.

हे चालतं कसं?

हँडव्हील फिरवलं की आडवा दांडा फिरतो. दांड्यावरचे बेव्हल गिअर दोन्ही उभे स्क्रू एकदमच फिरवतात आणि टेबल वर-खाली होतं. टेबल डगमगू नये म्हणून बाजूला चपटी पट्टी असते, तिला फिटर लोक गिब म्हणतात. दोन्ही स्क्रू सारखेच फिरले पाहिजेत. एखादा गिअर दात चुकून बसला की टेबल तिरकं झालंच.

आधी सुरक्षा

प्लग काढा आणि मेन स्विचचा फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवा. टेबलाखाली दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे द्या. बिडाचं टेबल जड असतं. स्क्रू सुटला आणि खाली हात असला, तर बोटं गेलीच म्हणून समजा.

१) साफसफाई

निम्मी दुरुस्ती इथेच होते. जुनं ग्रीस आणि लाकडाचा भुसा मिळून लाखेसारखा कडक थर झालेला असतो. रॉकेल आणि ब्रशने आटे, गिअर, गिब सगळं धुवा. आपल्याकडे खारी हवा, त्यामुळे गंजही असतोच; तो बारीक पॉलिश पेपरने काढा. जोर लावून हँडव्हील फिरवू नका, गिअरचा दात तुटेल. नंतर आट्यांना पातळ तेल पुसटसंच लावा. जाड ग्रीस लावलंत तर पुन्हा भुसा चिकटेल.

२) नट तपासा

स्क्रू पोलादी आणि नट बहुधा गनमेटलचा, म्हणजे मऊ असतो. झीज नटची व्हावी, स्क्रूची नको, यासाठीच तशी योजना असते. लाकडी तरफेने टेबल हलकेच उचलून बघा. हँडव्हील न फिरवता टेबल बरंच उचललं गेलं, तर बहुधा नट झिजलाय. लेथवाल्याकडून नवीन करून घ्या, पण नमुन्यासाठी स्क्रूही सोबत न्या. जुन्या मशीनचे आटे इंचात असतात, मिमीचा नट बसणार नाही.

३) गिब

स्क्रू थोडे थोडे आवळत जा. टेबल डुलायला नको, पण हँडव्हील एका हाताने फिरलं पाहिजे. गिब सैल राहिली तर फळीच्या टोकांना खड्डा पडतो.

४) टेबल समांतर करा

टेबल समांतर हवं ते पाती बसवलेल्या कटर ब्लॉकशी. मशीनच्या बॉडीला लेव्हल लावून उपयोग नाही. एक ठोकळा घ्या, तो एका स्क्रूच्या बरोबर वर टेबलावर ठेवा आणि कटर ब्लॉकला जेमतेम टेकेपर्यंत टेबल वर घ्या. टेकवायचं ते ब्लॉकच्या गोल अंगाला, पात्याला नाही. आता तोच ठोकळा दुसऱ्या स्क्रूवर न्या आणि फट फिलर गेजने मोजा. ठोकळा तिथे जातच नसेल, तर ती बाजू वर आहे. मग सुरुवात त्या बाजूने करा.

समजा फट ०.४ मिमी आली. स्क्रूला इंचात ८ आटे असतील तर एका फेऱ्यात टेबल एक सूत, म्हणजे ३.१७५ मिमी चढतं. स्क्रूवरच्या गिअरला १६ दात असतील तर एक दात म्हणजे साधारण ०.२ मिमी. म्हणजे फट असलेल्या बाजूचा गिअर सोडवायचा, तो स्क्रू वरच्या दिशेने दोन दात फिरवायचा आणि गिअर परत जुळवायचा. तुमच्या मशीनचे आटे आणि दात स्वतः मोजून हिशेब करा. गिअर सोडवण्याआधी खुणा करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

शेवटी एकाच लाकडाच्या दोन पट्ट्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून काढा आणि व्हर्निअरने मोजा. टेबल ब्लॉकशी समांतर असूनही फरक आला, तर पाती कमीजास्त बसलीत. तिथे टेबलाला हात लावू नका.

रोजची एक सवय

माप नेहमी टेबल वर आणत पकडा. खाली आणताना टेबल कधी कधी गिबमध्ये अडकून लटकतं आणि मशीन सुरू झालं की हादऱ्याने खाली बसतं. मग फळी जाड निघते. म्हणून मापापेक्षा अर्धा फेरा खाली जा, मग वर या आणि लॉक करा.

काम संपलं की टेबलावर मेणाचा हात फिरवा. गंज धरणार नाही, फळीही सरकेल. ओळखीच्या सुतारमिस्त्रीला ही माहिती जरूर पाठवा.